स्कूबा सिलिंडर सर्व्हिसिंगला देताना: काउंटरवरच मिटवायचे गैरसमज

एका डिसेंबरात आम्ही चौघं रात्रभर गाडी चालवून दादरहून मालवणला पोहोचलो. सोबत माझे दोन सिलिंडर होते, आठच दिवसांपूर्वी मुंबईतल्या एका वर्कशॉपमधून सर्व्हिसिंग करून आणलेले. कॉम्प्रेसरवरच्या माणसाने एक सिलिंडर आडवा केला, त्याच्या खांद्यावर खडू घासला, बोटाने पुसला आणि म्हणाला, "दादा, टेस्टची तारीख गेलीय. मी नाही भरणार." दुसऱ्याचंही तेच झालं. तिथे हुज्जत घालून उपयोग नव्हता आणि त्याचं काही चुकलंही नव्हतं. आमचा तो दिवस गेला.

मुंबईच्या त्या वर्कशॉपवर मी बरेच दिवस रागावून होतो. मग एकदा बिल नीट वाचलं. त्यावर "व्हॉल्व्ह सर्व्हिस, २ नग" एवढंच लिहिलं होतं. मी काउंटरवर म्हणालो होतो, "दोन्ही सर्व्हिसिंग करून द्या." त्यांच्या लेखी सर्व्हिसिंग म्हणजे व्हॉल्व्ह उघडून साफ करणं आणि ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कड्या, बदलणं. माझ्या लेखी सर्व्हिसिंग म्हणजे समुद्रात न्यायला सगळ्या बाजूंनी तयार. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या प्रत्येक नव्या डायव्हरला मी पुढची पद्धत सांगतो, कारण या धंद्यातले बहुतेक वाद एकाच शब्दाचे दोन अर्थ घेतल्यामुळे होतात.

आधी घरी सिलिंडर वाचा

सिलिंडरच्या खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या गोलाईवर, अक्षरं ठोकलेली असतात. रंगाच्या थरांखाली ती दिसत नाहीत. साधा पांढरा खडू आडवा घासून वरचा भाग बोटाने पुसला की खाचांत खडू राहतो आणि अक्षरं उठून दिसतात. टॉर्च तिरका धरून फोटो काढा.

त्यात चार गोष्टी शोधायच्या: अनुक्रमांक, कार्यदाब, चाचणीदाब आणि शेवटच्या चाचणीचा महिना-वर्ष. दोन दाबांची गल्लत फार होते. युरोपीय बनावटीच्या २३२ बारच्या (बार हे दाबाचं एकक, साधारण वातावरणाच्या दाबाएवढं) सिलिंडरवर चाचणीदाब ३४८ बार असा ठोकलेला असतो. तो आकडा बघून "यावर ३४८ लिहिलंय, मग तुम्ही दोन तृतीयांशच भरलंत" असं भांडणारे लोक मी पाहिले आहेत. ३४८ हा फक्त चाचणीच्या वेळी, तोही पाण्याने, द्यायचा दाब आहे. हवा भरायची ती कार्यदाबापर्यंतच.

तारखेबद्दलचा युक्तिवादही ठरलेला असतो: "अहो, मी दोनदाच वापरलाय." मुदत वापरावर मोजत नाहीत, कॅलेंडरवर मोजतात. अमेरिकी पद्धतीत जलदाब चाचणी (पाण्याच्या दाबाखाली घेतलेली) दर ५ वर्षांनी होते आणि डायव्हिंगच्या रिवाजाप्रमाणे दरवर्षी आतून नजरतपासणी होते. आपल्याकडे गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत. त्यांची अंमलबजावणी पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणारी केंद्र सरकारची संस्था, करते, जिचं मुख्यालय नागपूरला आहे. मुदत संपलेला सिलिंडर भरायला या नियमांत मनाई आहे. भरणाऱ्याने नकार दिला तर तो ताठा समजू नका. भरताना सिलिंडरच्या शेजारी तोच उभा असतो.

दुबईहून किंवा थायलंडहून नातेवाइकाने आणलेला सिलिंडर असेल तर आणखी एक अडचण येते. तो तिथल्या मानकाप्रमाणे उत्तम असला, तरी आपल्याकडे भरायला पेसोची मान्यता असलेला प्रकार लागतो. विकत घेण्यापूर्वी, निदान वर्कशॉपला निघण्यापूर्वी, खांद्याचा फोटो पाठवून विचारा. दहा मिनिटांच्या या कामामुळे पनवेल-तळोज्यापर्यंतची फेरी वाचते.

काउंटरवर काम नाव घेऊन सांगा

"सर्व्हिसिंग" हा शब्दच टाळा. कामं तीन आहेत आणि तिन्हींचे पैसे वेगळे असतात.

पहिलं, व्हॉल्व्ह उघडून साफ करणं: ओ-रिंग, सीट, आणि असेल तर बर्स्ट डिस्क, म्हणजे दाब फार वाढला तर फुटून हवा सोडणारी पातळ चकती, बदलणं. दुसरं, आतून नजरतपासणी: व्हॉल्व्ह काढून आत दिवा सोडतात आणि गंज, खड्डे, मानेच्या आट्यांतल्या भेगा पाहतात. तिसरं, जलदाब चाचणी: सिलिंडर पाण्याने भरून, पाण्याच्याच बंद टाकीत ठेवून, कार्यदाबापेक्षा बराच जास्त दाब देतात. दाब काढल्यावर तो मूळ आकाराला किती परत येतो हे मोजतात. कायमचं फुगणं एकूण फुगण्याच्या १० टक्क्यांहून जास्त निघालं तर सिलिंडर नापास. हवा भरणं हे या तिन्हींहून वेगळं काम आहे आणि रेग्युलेटरची, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासाजोगी करून तोंडाशी देणाऱ्या उपकरणाची, सर्व्हिस तर पूर्णच वेगळी.

तेव्हा असं बोला: "दादा, या सिलिंडरची व्हॉल्व्ह सर्व्हिस, आतून तपासणी आणि जलदाब चाचणी हवीय. चाचणी झाल्यावर तारीख ठोकून आणि सर्टिफिकेटसह पाहिजे." मग हेच वाक्य पावतीवर लिहून घ्या, अनुक्रमांकासकट. ते लिहायला कंटाळले तर स्वतः लिहून त्यांची सही घ्या. मी आता कोऱ्या कागदावर घरूनच लिहून नेतो आणि त्याबद्दल अजून कुणी तक्रार केलेली नाही.

जुना अॅल्युमिनियम सिलिंडर असेल तर वर्कशॉप कदाचित आणखी एक चाचणी आणि तिचे जादा पैसे सांगेल. लगेच लुबाडणूक समजू नका. १९८०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनलेल्या बऱ्याच अॅल्युमिनियम सिलिंडरांत ६३५१ नावाचा मिश्रधातू वापरला जाई आणि त्याच्या मानेला कालांतराने भेगा पडल्याचं आढळलं. त्यासाठी एडी करंट तपासणी, म्हणजे विजेच्या साह्याने धातूतल्या भेगा शोधायची चाचणी, करतात. नव्या ६०६१ मिश्रधातूच्या सिलिंडरला तिची गरज नाही. कोणती तपासणी आणि कशासाठी, एवढं जरूर विचारा.

"उद्या देतो" म्हणजे कधी

जलदाब चाचणी पेसोची मान्यता असलेल्या केंद्रातच करावी लागते. डायव्हिंगची बरीच दुकानं फक्त तुमचा सिलिंडर घेतात आणि तिथे पाठवतात. म्हणजे काउंटरवरचा माणूस "उद्या" म्हणतो तेव्हा तो स्वतःच्या हाताखालच्या कामाबद्दल बोलत असतो, केंद्राच्या रांगेबद्दल नाही. सरळ विचारा: चाचणी इथे होते की बाहेर, गाडी कोणत्या वारी जाते, परत कधी येते. पावसाळ्यात मालवण-तारकर्लीचं डायव्हिंग बंद असतं. सिलिंडर तेव्हाच द्या. दिवाळीच्या तोंडावर सगळी मुंबई एकदमच जागी होते.

याच वेळी एक नाजूक प्रश्न विचारून ठेवा: नापास झाला तर काय? नापास सिलिंडर पुन्हा कुणी वापरू शकणार नाही अशा रीतीने मोडीत काढायचा, असा नियम आहे. माझ्या एका मित्राने आपल्या पहिल्या सिलिंडरची चौकशी केली तेव्हा त्याच्या हातात कापलेले दोन तुकडे आले. तो अक्षरशः रडवेला झाला होता. केंद्राने बरोबर तेच केलं होतं, पण आधी एक फोन यायला हवा होता. "नापास झाल्यास मोडण्यापूर्वी कळवावे व लेखी अहवाल द्यावा" ही ओळ पावतीवर टाका.

आणि हो, आतली हवा. तपासणीसाठी सिलिंडर पूर्ण रिकामा करावाच लागतो, म्हणून "शंभर बार शिल्लक होते, कुठे गेले?" हा वाद घालू नका. एरवी मात्र घरी ठेवताना थोडा दाब शिल्लक ठेवा, नाहीतर मुंबईची दमट हवा आत शिरते.

ऑक्सिजन म्हणू नका

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे पाणबुड्याच्या पाठीवरच्या टाकीला सर्रास "ऑक्सिजनचा सिलिंडर" म्हणतात. बातम्यांत म्हणतात, घरीही म्हणतात. त्यात असते ती साधी, दाबून भरलेली, गाळलेली, कोरडी हवा: सुमारे २१ टक्के ऑक्सिजन आणि बाकी मुख्यतः नायट्रोजन. शुद्ध ऑक्सिजन पाण्याखाली विषारी ठरतो. ६ मीटर खोलीवरच त्याचा दाब १.६ बार होतो, जी सहसा कमाल मर्यादा मानतात. त्याखाली अचानक आकडी येऊ शकते, आणि पाण्यात आकडी म्हणजे बुडणं.

आता विचार करा. डायव्हिंगशी संबंध नसलेल्या गॅसवाल्याकडे तुमचा ड्रायव्हर सिलिंडर घेऊन गेला आणि म्हणाला, "साहेबांनी ऑक्सिजन भरून आणायला सांगितलंय." समोरचा माणूस सांगितलेलं काम करू पाहील. शिवाय तेलकट अंश असलेल्या साध्या व्हॉल्व्हमध्ये दाबाखाली ऑक्सिजन सोडला तर आग लागू शकते. म्हणून शब्द एकच: "श्वसनाची हवा, डायव्हिंगसाठी." सिलिंडरवर ठळक "हवा" लिहिलेली पट्टी लावा आणि भरायला शक्यतो स्वतः जा. नायट्रॉक्स, म्हणजे साध्या हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेलं मिश्रण, हवं असेल तर ऑक्सिजनची टक्केवारी लिहून द्या आणि घेताना अॅनलायझरवर, म्हणजे ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्रावर, स्वतः मोजा. ३२ टक्क्यांच्या मिश्रणाला, ऑक्सिजनच्या दाबाची १.४ बारची अधिक सावध मर्यादा धरली तर, ३३ मीटरच्या आसपास खोली मिळते. दुसऱ्याने मोजलेल्या आकड्यावर खाली जायचं नाही.

"फुल" भरला होता, मग कमी कसा?

काउंटरवरचा सगळ्यात नेहमीचा वाद हाच. हवा दाबून भरताना सिलिंडर तापतो, हात लावला तर चांगला गरम लागतो. समजा भरणाऱ्याने २०० बारला बंद केला तेव्हा आतली हवा ५० अंशांवर होती. रात्री घरी २८ अंशांवर आली की काटा १८६ बारच्या आसपास दिसेल. हवा कुठेही गळलेली नाही, कुणी फसवलेलंही नाही.

यावर उपाय "थोडा जास्तच भरा" हा नाही. सावकाश भरायला सांगा, थंड होऊ द्या, मग वरचा दाब पुरा करून घ्या. त्यासाठी सिलिंडर संध्याकाळी ठेवून सकाळी घेणं बरं. खरी गळती ओळखायची तर व्हॉल्व्हवर आणि मानेवर साबणाचं पाणी लावा. बारीक फुगे एका जागी येत राहिले तर ती गळती.

एककंही आधीच जुळवून घ्या. मुंबईत मेकॅनिक "दोनशे किलो" म्हणतो तेव्हा त्याला दर चौरस सेंटिमीटरला २०० किलो म्हणायचं असतं, म्हणजे १९६ बार. नेहमीच्या ८० घनफुटी अॅल्युमिनियम सिलिंडरचा ३००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) म्हणजे २०७ बार, किंवा त्याच्या भाषेत २११ किलो.

घेताना तिथेच उभं राहून बघा

अनुक्रमांक तुमचाच आहे का? नवी तारीख ठोकली आहे का? व्हॉल्व्ह तोच आहे का, की डिन (रेग्युलेटर आट्यांनी आत बसतो तो) दिला होता आणि योक (रेग्युलेटर बाहेरून चिमट्यासारखा बसतो तो) परत आला? व्हॉल्व्ह बदलला असेल तर मानेचे आटे आणि व्हॉल्व्हचे आटे जुळतात का, हे विचारल्याशिवाय निघू नका. एम २५ (२५ मिलिमीटर व्यासाच्या) आट्यांचा व्हॉल्व्ह पाऊण इंची आट्यांच्या मानेत सैलसर बसतो, फिरतोही, आणि दाबाखाली गोळीसारखा उडू शकतो. जलदाब चाचणीनंतर आतून नीट वाळवला का, हेही विचारा. भरण्यापूर्वी सिलिंडर हळूच आडवा फिरवून कान लावा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर परत उघडायला सांगा.

परत नेताना लोकलचा लगेज डबा नको, रेल्वेत गॅस सिलिंडर न्यायला मनाई आहे. स्वतःच्या गाडीत, आडवा, बांधून, उन्हापासून झाकून न्या.

तरी बिनसलंच तर

आधी पावती आणि फोटो घेऊन त्याच माणसाकडे जा, आणि आवाज न चढवता काय सांगितलं होतं ते दाखवा. बहुतेक कामं तिथेच सुटतात. नाही सुटलं तर लेखी तक्रार द्या, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी डायव्हिंग करणाऱ्यालाही हा मार्ग खुला आहे.

हवेबद्दलची तक्रार मात्र वेगळ्या रीतीने हाताळायची. तेलकट वास आला, खाली गेल्यावर डोकं दुखलं, मळमळलं, तर वर या आणि डॉक्टरला दाखवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. युरोपीय मानकात श्वसनाच्या हवेत त्याचं प्रमाण दहा लाखांत ५ भागांपेक्षा जास्त चालत नाही. रागाच्या भरात उरलेली हवा सोडून देऊ नका, तोच एकमेव पुरावा आहे. व्हॉल्व्ह घट्ट बंद करा, तारीख आणि कुठे भरला ते लिहा आणि हवा तपासायला द्या. तोवर व्हॉल्व्हवर चिकटपट्टी गुंडाळून मोठ्या अक्षरांत "वापरू नये" लिहून ठेवा, म्हणजे ग्रुपमधलं दुसरं कुणी शनिवारी पहाटे तोच सिलिंडर उचलून गाडीत टाकणार नाही.