अमेरिकेत मेडिकल बिलिंगचं काम : नवे दवाखाने शोधायचे कसे

जुन्या डॉक्टरांकडे बिलिंग (म्हणजे इन्शुरन्सकडे बिलं पाठवून पैसे वसूल करणं) करणारं कुणीतरी आधीच असतं, त्यामुळे फोन करकरून हाती फारसं लागत नाही. नुकताच दवाखाना काढलेला डॉक्टर गाठा. त्याची यादी सरकारच देते, तीही फुकट.

१. सीएमएस (मेडिकेअर चालवणारं सरकारी खातं) च्या साइटवरून एनपीआयची, म्हणजे डॉक्टर-दवाखान्यांच्या सरकारी ओळख क्रमांकांची, साप्ताहिक फाइल उतरवा. मासिक नको, ती एक्सेलमध्ये उघडणार नाही.

२. 'एंटिटी टाइप' २ ठेवा, म्हणजे संस्था उरतात. मग आपलं राज्य, पिन कोडसारखा झिप कोड आणि टॅक्सॉनॉमी कोड (स्पेशालिटीचा कोड) लावा. एक-दोनच स्पेशालिटी घ्या. सगळं येतं म्हणणाऱ्याला कुणी विचारत नाही.

३. 'एन्युमरेशन डेट', म्हणजे एनपीआय क्रमांक मिळाल्याची तारीख, ताजी आहे का ते बघा. हे विसरू नका, कारण या फाइलीत नुसता पत्ता बदललेले जुने दवाखानेही येतात.

४. 'ऑथराइज्ड ऑफिशियल'चं, म्हणजे संस्थेच्या वतीने सही करणाऱ्या माणसाचं, नाव आणि फोन तिथेच असतो. छोट्या दवाखान्यात बहुधा तोच मालक.

फोनवर "बिलिंग देता का?" विचारू नका. "मेडिकेअर आणि इन्शुरन्स कंपन्यांचं क्रेडेन्शिअलिंग झालं का?" असं विचारा. मेडिकेअर म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, आणि क्रेडेन्शिअलिंग म्हणजे विमा कंपनीने डॉक्टरची कागदपत्रं तपासून त्याला आपल्या यादीत घेणं. नव्या माणसाचं घोडं तिथेच अडलेलं असतं, आणि त्यात महिने जातात. ते काम आधी घ्या, बिलिंग बहुतेक वेळा मागोमाग येतं.

एक जपा : "आमचे नाकारलेले क्लेम (इन्शुरन्सने परत पाठवलेली बिलं) जरा बघा" म्हणून कुणी फाइल पाठवू लागला, तर आधी हिपाखालचा (रुग्णांची माहिती गुप्त ठेवण्याच्या अमेरिकी कायद्याखालचा) बिझनेस असोसिएट करार, म्हणजे ती माहिती जपण्याचा लेखी करार, सही करून घ्या. शिवाय न्यूयॉर्कमध्ये डॉक्टरांच्या वसुलीवर टक्केवारी घेता येत नाही. तिथे ठरावीक दरच सांगा.