वडिलांची जुनी गिटार हाती आली, तर या चुका टाळा

आईवडिलांच्या पश्चात घर आवरताना माळ्यावरून एखादी जुनी गिटार खाली येते, तेव्हा ती लख्ख पुसावी, नव्या तारा चढवाव्यात आणि एकदा वाजवून पाहावी, असे कोणालाही वाटते. ही ओढ स्वाभाविक आहे. मात्र जुन्या वाद्यांचे बरेचसे नुकसान याच पहिल्या उत्साहात होते. वाद्य कोणी बनवले, साधारण कधी बनवले आणि ते कशा प्रकारे वाजवले जात होते, हे सांगणाऱ्या खुणा आतल्या धुळीत, विटलेल्या कागदात आणि लाकडाच्या झिजेत असतात. त्या एकदा पुसल्या गेल्या की परत मिळत नाहीत. म्हणून आधी नीट पाहणी करावी, फोटो काढून ठेवावेत आणि मगच हत्याराला हात लावावा.

केवळ नावावरून किंमत ठरवणे

हेडस्टॉकवरचे, म्हणजे खुंट्या बसवलेल्या टोकावरचे, नाव अर्धवट पुसलेले असते आणि आशा माणसाला हवे ते वाचायला लावते. आपल्याकडे कोलकात्याच्या गिव्हसन गिटारी घरोघरी होत्या. अंधुक अक्षरांत तेच नाव अमेरिकेच्या गिब्सनसारखे दिसते. खरी तपासणी आतून करावी. तारा सैल करून ध्वनिछिद्रातून एक छोटा टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा आत न्यावा. नेक, म्हणजे गिटारीचा दांडा, जिथे बॉडीला जोडलेला असतो, तिथे आतल्या बाजूस एक लाकडी ठोकळा दिसतो. अमेरिकेची मार्टिन कंपनी 1898 पासून त्या ठोकळ्यावर अनुक्रमांक ठोकत आली आहे आणि 1930 पासून त्याच्या जोडीला मॉडेलचे नावही येते, त्यामुळे अस्सल मार्टिनचे वर्ष काढणे सोपे असते. गिब्सनचे तसे नाही. 1960 च्या दशकात त्या कंपनीने तेच क्रमांक पुन्हा पुन्हा वापरले, म्हणून निव्वळ क्रमांकावरून तिथे निष्कर्ष काढू नये.

भारतात विकल्या गेलेल्या गिटारीच्या बाबतीत दुकानाचा कागदी लेबल हाच उत्तम साक्षीदार असतो. सहा अंकी पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला. लेबलवर ‘बॉम्बे–2’ असा जुना टपाल विभाग छापलेला असेल, तर तो कागद बहुधा त्याआधीचा आहे, आणि ‘400 002’ असेल तर निश्चितच नंतरचा. ‘बॉम्बे’चे अधिकृत ‘मुंबई’ 1995 मध्ये झाले आणि ‘कॅलकटा’चे ‘कोलकाता’ 2001 मध्ये. दुकानदार जुने छापील कागद संपेपर्यंत वापरत असत, हे ध्यानात ठेवून चार-पाच वर्षांचे अंतर धरावे. सुटत आलेला लेबल ओढून काढू नये. घरातल्या जुन्या अल्बममध्ये या गिटारीचा एखादा फोटो सापडला, तर तारीख ठरवायला त्याचीही मोठी मदत होते.

उंच तारा म्हणजे बिघाड, असे मानणे

मला सर्वांत जास्त हळहळ या चुकीची वाटते. गिटार हातात घेतली की तारा फिंगरबोर्डपासून, म्हणजे नेकवरच्या बोटे ठेवायच्या फळीपासून, इतक्या उंच असतात, की बोटाने दाबताच येत नाहीत. मग कोणीतरी नेक वाकला असल्याचे सांगतो आणि ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारांना आधार देणारी पट्टी, घासायला घेतो. प्रत्यक्षात ती हवाईयन गिटार असू शकते. एके काळी आपल्याकडे हवाईयन गिटार शिकणारे पुष्कळ होते. व्हॅन शिप्ली आणि सुनील गांगुली यांनी त्यावर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या लोकप्रिय होत्या आणि ब्रिजभूषण काबरा यांनी तर हे वाद्य रागसंगीताच्या मैफलीत नेले. हे वाद्य मांडीवर आडवे ठेवून, तारांवरून स्टीलची कांडी फिरवून वाजवतात. तार खाली दाबायचीच नसल्यामुळे ती मुद्दाम उंच ठेवलेली असते.

ही ओळख पटवणे अवघड नाही. फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना फ्रेट म्हणतात. बाराव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यातले अंतर मोजावे. बोटांनी वाजवायच्या गिटारीत ते साधारण दोन ते तीन मिलिमीटर असते. हवाईयन मांडणीत ते सहज त्याच्या तिप्पट भरते. त्यानंतर फ्रेट भिंगातून पाहावेत. कॉर्ड धरून वर्षानुवर्षे साथ केली असेल, तर पहिल्या तीन-चार फ्रेटवर तारांखाली बारीक खाचा पडलेल्या असतात आणि लाकडावर बोटांनी खळगे झालेले असतात. बॉडीवर ओरखडे आहेत, पॉलिश हाताने झिजले आहे, पण फ्रेट मात्र कोरे करकरीत आहेत, असे दिसले तर ती मांडीवरच वाजत होती असे समजायला हरकत नाही. नटाजवळ, म्हणजे नेकच्या खुंट्यांकडच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीजवळ, नीट पाहिल्यास मूळ नटावर धातूची एक खाचांची पट्टी बसवलेली सापडते. ती तारा सैल केल्यावर निघते आणि पुष्कळदा तेवढ्यानेच गिटार साध्या मांडणीत येते. काढलेली पट्टी जपून ठेवावी. केसच्या खिशातली बोटाएवढी जड, गुळगुळीत कांडी आणि अंगठ्यात घालायचा पिक भंगारात टाकू नये. वाद्याइतकेच त्यांनाही वडिलांच्या हाताचे वळण लागलेले असते.

हाताला लागतील त्या तारा चढवणे

नायलॉन तारांचा पूर्ण संच टॉपवर, म्हणजे बॉडीच्या पुढच्या फळीवर, साधारण चाळीस किलोचा ताण देतो, तर हलक्या स्टील तारांचा संचही सत्तर किलोच्या पुढे जातो. नायलॉनसाठी बांधलेल्या गिटारीवर स्टीलच्या तारा चढवल्या, तर काही महिन्यांत टॉप फुगतो किंवा ब्रिज उखडतो. ब्रिजवर तारा आडव्या छिद्रांतून गाठ मारून बांधायची सोय असेल आणि हेडस्टॉकला लांब खाचा असतील, तर ती गिटार नायलॉनची समजावी. ब्रिजवर पिना किंवा मागे बॉडीच्या कडेला तारा अडकवायचा लोखंडी टेलपीस असेल, तर ती बहुतेक स्टीलची असते. तरीही सुरुवात सर्वांत हलक्या तारांनी आणि एक संपूर्ण स्वर खाली लावूनच करावी.

टेलपीसच्या गिटारीत ब्रिज चिकटवलेला नसतो, तो केवळ तारांच्या दाबाने उभा असतो. सगळ्या तारा एकदम काढल्या की तो निसटतो आणि मग काहीही केले तरी गिटार सुरात लागत नाही. असे झाले असल्यास नटापासून बाराव्या फ्रेटपर्यंतचे अंतर मोजावे, तेवढेच अंतर तिथून पुढे मोजावे आणि ब्रिज त्याहून दोन-तीन मिलिमीटर मागे, जाड तारांकडे किंचित अधिक मागे ठेवावा.

नेकमध्ये त्याचा बाक कमी-जास्त करण्यासाठी फिरवायचा रॉड सापडला नाही, म्हणून घाबरू नये. मार्टिननेसुद्धा असा रॉड 1985 मध्ये द्यायला सुरुवात केली.

पॉलिश आणि डिंक

घरात फर्निचरचे पॉलिश चालू आहे, तर गिटारीवरही हात फिरवून घ्यावा, हा विचार कृपया मनात आणू नये. मूळ पातळ थर खरवडून जाड थर दिला की टॉप मोकळेपणाने कंप पावत नाही, आवाज बसतो आणि जाणकाराच्या लेखी वाद्याचे मोल उतरते. किंचित ओलसर सुती फडके आणि लगेच कोरडे फडके, एवढी स्वच्छता पुष्कळ आहे. चमक आणणारे फवारे वापरू नयेत. त्यातील सिलिकॉन लाकडात मुरले की पुढे सांधा धरत नाही.

ब्रिज मागून उचलला आहे का, हे त्याच्या कडेखाली साधा कागद सरकवून कळते. कागद आत जात असेल, तर तारा उतरवाव्यात आणि अ‍ॅरल्डाइट किंवा फेव्हिक्विक भरण्याचा मोह टाळावा. जुने कारागीर सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा डिंक, वापरत असत. उष्णता आणि ओलावा दिला की तो सांधा लाकूड न फाडता सुटतो. अ‍ॅरल्डाइटचा सांधा पुन्हा उघडताना बहुधा टॉपच्या चिपा निघतात.

पिठासारखी भुकटी दिसूनही दुर्लक्ष करणे

टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसली, तर गिटार काळ्या कागदावर ठेवून दोन-तीन आठवडे वाट पाहावी. कागदावर नवी भुकटी पडली, तर कीड जिवंत आहे. अशी गिटार इतर वाद्यांपासून आणि लाकडी सामानापासून ताबडतोब वेगळी करावी. तिच्यावर रॉकेल शिंपडू नये, वाद्य दुरुस्त करणाऱ्यालाच दाखवावी.

हवेचा विचार न करणे

गिटारीला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात ती बंद केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि पुड्या वेळोवेळी बदलाव्यात. नागपूरकडच्या उन्हाळ्यात उलट काळजी लागते. तिथे सिलिका जेल काढून केसमध्ये भोके पाडलेल्या डबीत ओला स्पंज ठेवावा, नाहीतर टॉपला चीर जाते. परदेशी राहणाऱ्या मुलांनी गिटार सोबत नेताना तिथल्या हिवाळ्यात हीटरमुळे होणाऱ्या कोरड्या हवेचाही हाच उपाय करावा. भारतीय शिसवीच्या तयार वाद्यांना आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापार करारातून 2019 पासून सूट आहे. ब्राझिलियन रोजवुडला, म्हणजे ब्राझीलच्या शिसवीला, ती नाही. मार्टिनने ते लाकूड 1969 पर्यंत वापरले, म्हणून तशी गिटार असेल तर परवान्याची चौकशी तिकीट काढण्यापूर्वीच करावी.