जिप्सी उचलली आणि स्टिअरिंग बिघडलं? या चुका टाळा

माझ्या जुन्या जिप्सीला दोन इंचाची लिफ्ट टाकून घेतली, म्हणजे गाडी तेवढी उंच करून घेतली, गॅरेजमधून बाहेर काढली आणि बघतो तर चाकं सरळ पण स्टिअरिंग व्हील चांगलंच तिरकं. मेकॅनिक म्हणाला, दादा दोन मिनिटं थांबा, आणि हॉर्नचं बटण काढून स्टिअरिंग व्हील उपटलं, सरळ करून परत बसवलं, झालं काम. मी पण खूश. हीच पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक.

जिप्सीचं स्टिअरिंग छर्‍यांचं, म्हणजे रीसर्क्युलेटिंग बॉलचं. व्हीलचं फिरणं पुढे चाकांकडे पोचवणारा गिअरचा डबा म्हणजे स्टिअरिंग बॉक्स. त्या बॉक्सचे दाते बरोबर मध्यावर सगळ्यात घट्ट बसतात आणि तिथून डावी-उजवीकडे गेलं की थोडे सैल होतात. गाडी उचलली की बॉक्स वर जातो, अॅक्सल खालीच राहतो, मधला ड्रॅग लिंक, म्हणजे बॉक्सपासून चाकांकडे जाणारा दांडा, जास्त तिरका होतो आणि त्यामुळे बॉक्स मध्यावरून सरकतो. आता नुसतं व्हील सरळ केलं तर बॉक्स मध्यावरून सरकलेलाच राहिला ना, मग सरळ रस्त्यावर प्ले, म्हणजे व्हीलचं थोडं रिकामं फिरणं, जाणवतो आणि गाडी एका बाजूला कमी वळते. बरोबर पद्धत अशी: व्हील एका टोकापासून दुसर्‍या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजा, निम्म्यावर आणा, आणि चाकं सरळ ठेवून ड्रॅग लिंकचे लॉक नट ढिले करून लांबी जुळवा. टाय रॉडला, म्हणजे दोन्ही चाकं जोडणार्‍या दांड्याला, हात लावू नका, तो टो साठी, म्हणजे चाकं पुढून किती आत वळलीत ते जुळवायला आहे, सॉलिड अॅक्सलवर लिफ्टमुळे टो बदलत नाही.

प्ले आला की लोक बॉक्सच्या वरचा स्क्रू आवळतात. नका. जास्त आवळला की मध्यावर स्टिअरिंग जड होतं, वळणानंतर आपोआप परत येत नाही आणि दाते झिजतात. आधी एकाला व्हील हलवायला बसवा, तुम्ही खाली झोपा आणि एकेका टाय रॉड एंडवर बोट ठेवा. सैल जॉइंट बोटाला लगेच कळतो.

गाडी हायवेवर पोहतेय, सारखी सावरावी लागतेय? मग बहुतेक कास्टर गेलाय, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला, गाडी सरळ ठेवणारा कोन. जिप्सीत पुढच्या पाट्याचं (लीफ स्प्रिंगचं) शॅकल, म्हणजे पाटा चेसिसला जोडणारी हलती कडी, पुढच्या टोकाला असतं, लांब शॅकल टाकलं की अॅक्सल पुढे झुकतो आणि कास्टर कमी होतो. अलाइनमेंटवाला म्हणेल हे अॅडजस्ट होत नाही, तो खोटं बोलत नाही, त्याच्या मशीनवर होत नाही. पाट्यावर पाचर घालावी लागते. कंपनीसारखी गाडी म्हणजे पाटे अॅक्सलच्या खाली असतील तर पाचरीची जाड बाजू पुढे, आणि कोणी पाटे अॅक्सलच्या वर घेतले असतील तर जाड बाजू मागे. उलटी घातली तर आहे तोही कास्टर जाईल. पाचरीने डिफरन्शियलचं नाक खाली जातं, त्याला फिरवणार्‍या प्रॉपशाफ्टचा कोन वाढतो, म्हणून दोन-तीन डिग्रीच्या पुढे जाताना विचार करा.

ब्रेक मारला किंवा खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग आपोआप फिरतं, ते बंप स्टिअर, तिरक्या ड्रॅग लिंकचंच काम. यावर आपल्याकडचा इलाज म्हणजे लिंक गॅसवर लाल करून वाकवायची. अहो, स्टिअरिंगचा पार्ट आहे तो, गेटची कडी नाही! तापवलेलं लोखंड कधी दगा देईल सांगता येत नाही, योग्य कोनाचा पार्टच घ्या.

साठच्या वेगाच्या आसपास पुढचं थरथरतं, त्यावर लगेच नवीन डँपर (स्टिअरिंगचे धक्के शोषणारा) टाकणं ही पण ठरलेली चूक. डँपर फक्त लक्षण झाकतो. आधी टायर बॅलन्स, व्हील बेअरिंग, किंगपिनचे (चाक ज्या खुंटीवर वळतं तिचे) बेअरिंग तपासा, जिप्सीत माझा पहिला संशय किंगपिनवर असतो.

टो शेवटी, गाडी जमिनीवर असताना, चाकांवर खडूने खूण करून पुढून-मागून टेपने मोजा, पुढून थोडं कमी असायला हवं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. टाय रॉडच्या नटाची स्प्लिट पिन बसत नसेल तर नट मागे घेऊ नका, पुढच्या भोकापर्यंत आवळा. मग पुढची चाकं हवेत उचलून दोन्हीकडे पूर्ण फिरवा, ब्रेकचे होस (रबरी नळ्या) ताणले जात नाहीत ना ते बघा. माझा एक ताणला गेला होता, नशीब की अंगणातच कळलं.

आणि हो, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल चालत नाही, म्हणून लिफ्ट घालण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

शे-दीडशे किलोमीटर झाले की पाटे अॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट परत आवळा, नवे पाटे बसतात, गाडी जराशी खाली येते आणि स्टिअरिंग व्हील पुन्हा किंचित तिरकं होतं. माझं झालं, ड्रॅग लिंक अर्धा फेरा फिरवून परत सरळ केलं.