तुटक वाक्यं जोडताना

लिहून झालं की लगेच जोडाजोडीला बसू नका. आधी पेन्सिलीने प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा आणि कर्त्याभोवती गोल करा. लागोपाठच्या दोन वाक्यांत कर्ता तोच असेल तर काम सोपं. बदलत असेल तर जपून.

हा नमुना घ्या:

‘गंगापूर धरणातून पाणी सोडले. गोदावरीची पातळी वाढली. पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागले. भांडीबाजारातल्या दुकानदारांनी माल हलवला. तो वरच्या मजल्यावर नेला.’

पाचही वाक्यं एकाच सुरात. ‘आणि’ लावत गेलात तर आगगाडी होते, कारण ‘आणि’ पुढे काय झालं एवढंच सांगतं, का झालं ते नाही. म्हणून दर जोडीला नातं विचारा. पहिल्या दोनांत कारण आहे. तिसरं चौथ्याची वेळ सांगतं. पाचवं चौथ्याचीच शेपटी.

‘गंगापूर धरणातून पाणी सोडल्याने गोदावरीची पातळी वाढली. पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागताच भांडीबाजारातल्या दुकानदारांनी माल वरच्या मजल्यावर हलवला.’

(नाशकात लोक पूर मारुतीच्या या मूर्तीवर पाणी कुठवर चढलं त्यावरून मोजतात. वाचक बाहेरगावचा असेल तर ‘दुतोंड्या’च्या आधी ‘रामकुंडाजवळच्या’ हा शब्द घाला.)

सगळ्यात जास्त घोटाळे ‘-ऊन’ करतं. ‘रामकुंडावर पोहोचून पाऊस सुरू झाला’ या वाक्यात पाऊसच रामकुंडावर पोहोचला! ‘-ऊन’चा आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता बहुतेक वेळा एकच लागतो. कर्ता बदलत असेल तर ‘आम्ही पोहोचताच’ किंवा ‘आम्ही पोहोचल्यावर’ लिहा. आणि ‘उठून, आवरून, बस पकडून, पंचवटीत उतरून’ अशी माळ नको. दोन ‘-ऊन’ झाले की पूर्णविराम.

‘जो कांदा लासलगावहून आला, तो भिजला होता’ यातलं जो-तो काढून ‘लासलगावहून आलेला कांदा भिजला होता’ करता येतं. ही सोय चांगली, पण हाव सुटते: ‘लासलगावहून रात्री ट्रकने आलेला, वाटेत भिजलेला, सकाळी निवडायला घेतलेला कांदा’. कांदा हाती येईपर्यंत वाचक तीन ओझी वाहतो. एक विशेषण आधी ठेवा, बाकीची पुढच्या वाक्यात ढकला.

शेवटी मोठ्याने वाचा. जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडा. लांब वाक्यांमागून एखादं आखूड मुद्दाम सुटं राहू द्या: ‘माल वाचला.’ त्याला ‘अशा प्रकारे’ चिकटवू नका.