मॅपिंग फिकं दिसतंय? मोठा प्रोजेक्टर मागवण्याआधी या चुका टाळा

गणपतीत बेळगावच्या शहापूरला एका मंडळासाठी जांभ्याच्या भिंतीवर मॅपिंग, म्हणजे भिंतीच्या आकाराला बसवून प्रोजेक्टरनं टाकलेलं चित्र, लावलं होतं. घरी झळाळणारा सोनेरी रंग तिथं चहाच्या चोथ्यासारखा दिसायला लागला. दुसरा प्रोजेक्टर मागवायला मी फोन काढला, तर समोरचे दुकानदार काका म्हणाले, "अहो, तो मंडपाचा हॅलोजन तरी झाकून बघा की पहिला!"

झाकला, आणि चित्र उठलं. याचं गणित सोपं आहे. लुमेन म्हणजे प्रोजेक्टरचा एकूण उजेड, लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारा उजेड. 6000 लुमेनचा प्रोजेक्टर 8 बाय 5 मीटर, म्हणजे 40 चौरस मीटर भिंतीवर टाकला की 150 लक्स मिळतात. भिंतीवर बाहेरचा उजेड 25 लक्स असेल, तर पांढरा भाग काळ्याच्या सातपट उजळ. दुसरा प्रोजेक्टर चढवलात तर तेरापट. तेच बाहेरचा उजेड 5 लक्सवर आणलात तर एकाच प्रोजेक्टरवर एकतीसपट! प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, काळं म्हणजे भिंतीवर आधीच असलेला उजेड. म्हणून आधी माळा, फोकस, दुकानांच्या पाट्या बघा. शोपुरते दिवे बंद करायचं दुकानदारांशी आधीच बोलून ठेवा, आयत्या वेळी कुणी ऐकत नाही.

दुसरी चूक भिंतीची. जांभा निळा आणि हिरवा उजेड गिळतो. त्यावर निळं आकाश मातकट दिसणारच, लुमेन कितीही वाढवा. केशरी, पिवळे रंग घ्या, बारीक छटांऐवजी ठळक आकार काढा. नाहीतर पांढरं कापड ताणून बांधा. जुन्या दगडी बांधकामाला मात्र चुना फासू नका, कृपा करून.

'ब्राइट' मोडचा मोह टाळा. बऱ्याच डीएलपी (बारीक आरशांच्या चिपवर चालणाऱ्या) प्रोजेक्टरांत त्यानं पांढरा वाढतो, पण लाल-पिवळे मरतात. कीस्टोन (तिरकं पडलेलं चित्र सेटिंगमधून चौकोनी करणं) जास्त ओढलात तर पॅनेलचा, म्हणजे आत चित्र घडवणाऱ्या चिपचा, काही भाग वाया जातो. प्रोजेक्टर शक्य तितका सरळ समोर, जवळ ठेवा. वीज वाचवायला उजेड कमी करणारा इको मोड चालू राहिलाय का, फिल्टरमध्ये लाल धूळ बसलीय का, तेही बघा.

आणि चाचणी संध्याकाळी सहाला घेऊन घाबरू नका. सप्टेंबरच्या मध्यावर बेळगावात सूर्य साधारण साडेसहाला मावळतो, संधिप्रकाश त्यानंतरही रेंगाळतो. सव्वासातनंतर, सगळे दिवे शोच्या वेळी असतील तसेच ठेवून, रस्त्याच्या पलीकडे उभं राहून बघा.