झडपेचं ऑपरेशन सांगितलंय? सेकंड ओपिनियन असं घ्या

ऐरोलीच्या माझ्या काकांना हृदयाची मायट्रल झडप (डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली) बदलावी लागेल असं सांगितलं, तेव्हा आम्ही लगेच दुसऱ्या डॉक्टरांकडे धावलो. ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून धीम्या लोकलने परळ, मग केस पेपरची रांग आणि ओपीडीबाहेर तीन तास. डॉक्टरांनी दोन पानी रिपोर्ट वाचला, काकांची छाती तपासली आणि विचारलं, "इकोची चित्रं कुठेत?" इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी; तिची चित्रं पहिल्या हॉस्पिटलच्या मशीनमध्येच राहिली होती. पहिल्यांचा रिपोर्ट वाचून दुसऱ्यांनी मान डोलावली, तर ते पहिलंच मत पुन्हा ऐकल्यासारखं होतं. ती फेरी फुकट गेली. तुमची जाऊ नये, म्हणून काय कोणत्या क्रमाने करायचं ते लिहितेय.

1. आधी बघा, हातात वेळ आहे का

झडपेचे बहुतेक आजार हळूहळू वाढतात, त्यामुळे दोन-तीन आठवडे सहसा मिळतात. पण रात्री धाप लागून उठून बसावं लागत असेल, चालताना चक्कर येऊन शुद्ध हरपली असेल, किंवा झडप खराब असताना ताप उतरतच नसेल (झडपेला जंतुसंसर्ग झाल्याची ती खूण असू शकते), तर आधी हॉस्पिटल गाठा. आधीच धातूची झडप बसवलेली आहे आणि तिची नेहमीची टिकटिक अचानक ऐकू येईनाशी झाली, तर तासाभराचाही उशीर नको. अशा वेळी दुसरं मत भरती झाल्यावर, फोनवरूनही घेता येतं. मत घेण्याच्या काळात चालू गोळ्या मनानेच थांबवायच्या नाहीत, हे सांगायची वेळ येऊ नये, पण आमच्याकडे आली होती. "आता ऑपरेशनच करायचंय ना," म्हणत काकांनी लघवीची गोळी चार दिवस बंद केली आणि पाय सुजवून घेतले.

2. कागद मागा, आणि कागदांपेक्षा चित्रं

काकांना सगळ्यात मोठी भीती होती, "डॉक्टर रागावतील." मी म्हटलं, "काका, रागावू देत, पण मागून तर बघू." रागावले नाहीत, उलट कोणाला दाखवणार आहात ते विचारलं. समजा रागावले असते, तरी रुग्णाने मागितल्यावर 72 तासांच्या आत वैद्यकीय कागद द्यायचे, असं डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या 2002च्या नियमांतच आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तर सेकंड ओपिनियन घेण्याचा हक्क वेगळा नोंदवलेला आहे. तेव्हा आवाज न चढवता लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या.

मागायचं ते असं: टूडी इकोचे व्हिडिओ (नुसते छापील फोटो चालत नाहीत), अँजिओग्राफी किंवा सीटी स्कॅन झालं असेल तर त्याची सीडी, ईसीजी, रक्ताचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची यादी. जुने इको सापडले तर सोन्याहून पिवळं, कारण दोन वर्षांत झडप किती बिघडली हे त्यांच्यावरूनच कळतं. सीडी मिळाली की घरच्या लॅपटॉपवर उघडून बघा आणि पेनड्राइव्हवर एक प्रत ठेवा. आमची सीडी दुसऱ्या खेपेला डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर उघडलीच नाही, तेव्हा पेनड्राइव्हनेच लाज राखली.

3. रिपोर्टमधले दोन-चार आकडे स्वतः वाचा

हे तुम्ही डॉक्टर व्हावं म्हणून सांगत नाही. तीन आकडे ओळखीचे असले की खोलीतलं बोलणं बदलतं, एवढंच.

एओर्टिक झडप (हृदयातून मुख्य धमनीत रक्त सोडणारी) अरुंद झाली असेल, तर साधारण हे बघतात: रक्ताचा वेग सेकंदाला 4 मीटर किंवा जास्त, झडपेच्या दोन्ही बाजूंमधला सरासरी दाबफरक 40 मिमी पारा किंवा जास्त, झडपेचं तोंड 1 चौरस सेंटिमीटर किंवा कमी. तिन्ही जुळले तर आजार तीव्र आहे यात फारशी शंका उरत नाही. पण कधी तोंड 0.8 दिसतं आणि दाबफरक मात्र 28च. असे न जुळणारे आकडे सेकंड ओपिनियनसाठी अगदी योग्य जागा आहेत. तिथे झडपेत किती कॅल्शियम साठलंय हे बघणारा सीटी स्कॅन किंवा औषध देऊन केलेला इको लागेल का, ते विचारा.

मायट्रल झडप गळत असेल, तर एक फसवा आकडा असतो, ईएफ. हृदय एका ठोक्यात किती टक्के रक्त पुढे ढकलतं ते तो सांगतो, असं आपण धरून चालतो. काकांच्या रिपोर्टवर 60 टक्के होतं आणि पुढे "नॉर्मल". आम्ही खूश. पण झडप गळत असताना ढकललेल्या रक्तातलं बरंचसं मागे फिरतं, म्हणून आकडा आहे त्यापेक्षा बरा दिसतो. गळती तीव्र असेल आणि ईएफ 60 किंवा खाली आला, किंवा आकुंचनाच्या शेवटी डाव्या खालच्या कप्प्याचा व्यास 40 मिलिमीटरवर गेला, तर त्रास नसतानाही ऑपरेशनचा विचार करतात. "मला काहीच होत नाही, मग कापायचं कशाला?" या काकांच्या प्रश्नाचं उत्तर त्या नॉर्मलमध्येच दडलेलं होतं.

आणखी एक: इकोच्या वेळी ब्लडप्रेशर किती होतं ते नोंदवलंय का बघा. प्रेशर चढलेलं असताना गळती जास्त दिसते. काकांचं त्या दिवशी 170 होतं. म्हणून दुसऱ्या ठिकाणी इको पुन्हा झाला, आणि छातीवरून नीट न दिसल्याने अन्ननलिकेतून नळी घालून करतात तोही झाला. नळी गिळणं त्रासाचं असतं, पण मायट्रल झडपेचा नेमका कोणता भाग बिघडलाय हे त्यात फार स्पष्ट दिसतं.

4. कोणाला विचारायचं

पहिल्या डॉक्टरांनीच सुचवलेल्या त्यांच्या मित्राला नको. वेगळ्या हॉस्पिटलातले एक हृदयरोगतज्ज्ञ आणि एक हृदयशस्त्रक्रिया करणारे सर्जन, दोघेही हवेत. एओर्टिक झडपेचं मांडीतून, छाती न उघडता होणारं काम (टावी) हृदयरोगतज्ज्ञ करतात, छाती उघडून सर्जन, आणि जो तो आपल्या हातातल्या कामाकडे थोडा झुकतोच. दोघं एकत्र बसून निर्णय घेतात असं हॉस्पिटल मिळालं तर उत्तम.

ठाणे आणि नवी मुंबईत मोठ्या खासगी हॉस्पिटलांमध्ये झडपेच्या शस्त्रक्रिया होतात. पण दुसऱ्या मतासाठी माझा कल सरकारी-महापालिका रुग्णालयांकडे आहे. परळचं केईएम किंवा भायखळ्याजवळचं जेजे. तिथे सांध्यांच्या तापाने (रुमॅटिक फीव्हर, घशाच्या संसर्गानंतर येणारा) बिघडलेल्या झडपांचे रुग्ण रोज येतात आणि तुमचं ऑपरेशन झालं-न झालं तरी समोरच्या डॉक्टरांच्या खिशाला फरक पडत नाही. गर्दी मात्र सोसावी लागते. वाशी-पनवेलकरांनी हार्बरने शिवडीला उतरून टॅक्सी केली तर केईएम सोपं पडतं. रुग्ण लहान मूल असेल, तर खारघरचं श्री सत्य साई संजीवनी केंद्र मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया मोफत करतं.

5. खोलीत गेल्यावर

आधी चित्रं द्या, पहिलं मत नंतर सांगा. तपासून झाल्यावर मग विचारा: आत्ताच करायचं की सहा महिन्यांनी पुन्हा इको करून ठरवायचं? थांबलो तर धोका कोणता?

मग सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: दुरुस्त होईल की बदलावीच लागेल? सैल पडलेली किंवा तिला धरून ठेवणारे दोर तुटलेली मायट्रल झडप पुष्कळदा शिवून, कडी घालून दुरुस्त करता येते, आणि जमली तर स्वतःची झडप ठेवणं केव्हाही बरं. पण हे काम सर्जनच्या हातावर अवलंबून असतं. "तुम्ही वर्षाला किती दुरुस्त्या करता?" हे विचारायला संकोच करू नका. सांध्यांच्या तापाने अरुंद झालेल्या मायट्रल झडपेसाठी फुग्याने तोंड मोकळं करण्याचा पर्याय असतो, मात्र कप्प्यात गुठळी किंवा बरीच गळती असेल तर तो बाद.

बदलायचीच ठरली, तर कोणती? धातूची खूप वर्षं टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर आणि त्यासाठी आयएनआर ही रक्ततपासणी सतत. प्राण्यांच्या ऊतींपासून केलेली साधारण 10 ते 15 वर्षं चालते, तरुणांमध्ये लवकर झिजते, पण ती गोळी बहुतेकांना काही महिनेच लागते. ढोबळमानाने पन्नाशीच्या आत धातूची, पासष्टीनंतर ऊतींची. पुढे मूल हवं असलेल्या बाईने हे मुद्दाम बोलावं, कारण ती गोळी गर्भाला घातक ठरू शकते. आणि महिन्याला रक्त तपासायला जाणं ज्याला जमणारच नाही, त्याने तेही लपवू नये.

6. दोन मतं जुळली नाहीत तर

नेमकं कुठे बिनसलंय ते शोधा: आजार किती तीव्र आहे यावर, कधी करायचं यावर, की कसं करायचं यावर? तिसऱ्या डॉक्टरांना फक्त तेवढाच प्रश्न विचारा. चौथ्याकडे जाऊ नका. आमच्या बाबतीत ऑपरेशन करायचं यावर दोघांचंही एकमत होतं, पण दुसऱ्या सर्जननी झडप दुरुस्त होईल म्हटलं आणि काकांनी त्यांच्याकडेच केलं.

7. पैसे आणि दात

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसत असाल, तर योजनेत सामील (अंगीकृत) हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, आधी भेटा. धर्मादाय हॉस्पिटलात 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात, तेही विचारा.

तारीख पक्की होण्याआधी दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन या, कारण किडलेल्या दातातले जंतू रक्तातून नव्या झडपेवर बसू शकतात. जाताना औषधांची यादी न्या. काकांची एक दाढ काढावी लागली आणि त्यापायी ऑपरेशन आठ दिवस पुढे गेलं.