मॅथ सॉफ्टवेअर नवीन शिकताय? या चुका टाळा

भाचा कर्वेनगरला रूम घेऊन राहतो, इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे. परवा रात्री साडेअकराला त्याचा फोन, "मामा, ऑक्टेव्ह बिघडलंय रे, साईन तीस मायनस दाखवतंय." ऑक्टेव्ह म्हणजे आकडेमोडीचं फुकट सॉफ्टवेअर, आणि बिघडलं वगैरे काही नव्हतं. ह्याने कंसात ३० टाकले, ऑक्टेव्हने ते रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) धरले, उत्तर आलं उणे ०.९८८. डिग्रीत हवं असेल तर साईनच्या नावाला शेवटी डी जोडायचा, मग येतं गुमान ०.५.

माझं म्हणणं एवढंच की लाल अक्षरात एरर आली तर घाबरू नका, ती बिचारी सांगते तरी. खरी फजिती एरर न देता चुकीचं उत्तर येतं तिथे होते, आणि अशा जागा ठरलेल्या आहेत.

लॉग घ्या. ऑक्टेव्हमध्ये १०० चा लॉग ४.६०५ येतो, २ नाही, कारण नुसता लॉग म्हणजे नॅचरल लॉग, बेस १० चा हवा तर नावाला १० जोडायचे. मॅट्रिक्सचा वर्ग केला (वरची ओळ १, २ आणि खालची ३, ४) की ७, १०, १५, २२ येतात, ते बरोबरच आहे, पण तुम्हाला एकेका आकड्याचा वर्ग हवा होता ना, मग घाताच्या चिन्हाच्या आधी एक टिंब द्या.

सगळ्यात जास्त पोरं फसतात ती घातांकाच्या टोपीवर (^). सेज या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये टोपी देऊन २ चा घात ३ केला की ८ येतात. सेज पायथन या प्रोग्रामिंग भाषेवरच उभं आहे, विल्यम स्टाइनने २००५ मध्ये सुरू केलेलं, म्हणून मग लोक तीच ओळ साध्या पायथनमध्ये टाकतात आणि उत्तर येतं १! तिथे टोपीचा अर्थच वेगळा, बिट्सचा एक्सऑर (दोन आकड्यांच्या बायनरी अंकांची तुलना), घातासाठी दोन फुल्या लागतात. अपूर्णांकाचंही तेच, सेज १/३ जसाच्या तसा ठेवतं, पायथन ०.३३३ करून टाकतो, सिमपाय (पायथनची गणिताची लायब्ररी) लावलं तरी, जोवर तुम्ही रॅशनल म्हणून सांगत नाही.

मॅक्झिमा या आणखी एका गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स बरोबर ५ लिहिलं तर ते फक्त समीकरण म्हणून परत दाखवतं, एक्समध्ये काहीच जात नाही. किंमत द्यायला कोलन. आणि टर्मिनलवर ओळीच्या शेवटी सेमीकोलन विसरलात तर ते नुसतं वाट बघत बसतं, हँग झालं समजून बंद करू नका.

इन्स्टॉलेशनचं थोडक्यात: पहिल्याच दिवशी सगळी सॉफ्टवेअर उतरवू नका. सेज काही जीबीचं आहे, विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) लागतं, सुरुवातीला ब्राउझरमधलं सेजमॅथसेल पुरतं. सायलॅब (ऑक्टेव्हसारखंच आणखी एक सॉफ्टवेअर) शिकायचं असेल तर आयआयटी बॉम्बेचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहेत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या नोट्समधून कोड कॉपी केला की वाकडे अवतरणचिन्ह येतात आणि ते चालत नाहीत, हाताने टाईप करा.

कोणतंही फंक्शन पहिल्यांदा वापरताना उत्तर पाठ असलेलं गणित आधी टाकून बघा, दहा सेकंदांचं काम आहे. आणि कुणाला विचारायचं असेल तर टाकलेली ओळ आणि आलेलं उत्तर टेक्स्टमध्ये पाठवा, भाच्याने मला स्क्रीनचा तिरका फोटो पाठवला होता, त्यात मिसळीची प्लेट स्पष्ट दिसत होती.